टाकाऊ कोणास म्हणावे?

गेली दोन वर्षे आपल्या शाळेच्या बालवर्गास आणि पहिली-दुसरीच्या वर्गांस दर शनिवारी हातकामाचा एक तास ठेवलेला आहे, व तो चालविण्याचे काम आमच्याकडे आहे. या तासाला नवे सामान काही लागत नाही. रिकाम्या आगपेट्या, विझलेल्या काड्या, दुधाच्या धुतलेल्या पिशव्या, बाटल्यांची झाकणे, जुन्या वह्यांचे कागद, नारळाच्या करवंट्या, चिंचोके, आणि बोहारीणसुद्धा घेणार नाही अशा चिंध्या, एवढीच काय ती सामग्री. गेल्या पालकसभेत एका गृहस्थांनी या तासाविषयी आम्हांस विचारले, “सर, आमच्या मुलाला पुढे कचऱ्यात हात घालावा लागू नये, म्हणून आम्ही रोज पहाटेची लोकल गाठतो; आणि तुम्ही शाळेतच त्याच्यापुढे कचरा मांडता, हे कसे?” प्रश्नात राग नव्हता, कळकळ होती. म्हणूनच सभेच्या गर्दीत त्यास दोन शब्दांत वाटेस लावणे आम्हांस प्रशस्त वाटले नाही. या वार्षिकाच्या निमित्ताने त्याचे उत्तर जरा विस्ताराने द्यावे असे मनात आहे.

प्रथम कचरा म्हणजे काय, याचाच विचार करू. अंगणात सारवलेले शेण मंगल दिसते. तेच धुतल्या कपड्यास लागले तर आपण नाक मुरडतो. चुलीतील राख ताटात पडली तर घाण, आणि त्याच ताटास ती घासून लावली तर ताट लखलखीत. करवंटी उकिरड्यावर पडली तर अडगळ, आणि तीस बांबूचा दांडा बसविला तर डाव. आपल्या आज्यांनी हे ज्ञान कोणत्याही पाठशाळेत संपादन केले नव्हते. लुगडे विरले की त्याची गोधडी, गोधडी विरली की पायपुसणे, आणि अखेरची चिंधी पोतेऱ्याला किंवा वातीला, असा एका वस्त्राचा प्रवास दहा-पंधरा वर्षे चाले. बोहारीण जुन्या कपड्यांवर भांडे देई, कल्हईवाला जुन्या भांड्यास नवे तेज देई, आणि रद्दीवाल्याचा कागद वाण्याच्या दुकानात पुड्यांच्या रूपाने पुन्हा आपल्याच घरी येई. कोणतीही वस्तू घराबाहेर पडली तरी ती कोणाकडे गेली, हे घरातील लहान मुलासही ठाऊक असे.

आमचे स्वतःचे बालपण मिशनच्या वसतिगृहात गेले. तेथे जून महिना उजाडला, की गेल्या वर्षाच्या वह्यांतील कोरी पाने सोडवून, दाभणाने शिवून, त्यांच्या नव्या वह्या करण्याचे काम आम्हां मुलांकडे असे. चादर फाटली की तिच्या उशीच्या खोळी होत, खोळी फाटल्या की फडकी, आणि फडकेही जीर्ण झाले की त्याचा तुकडा कंदिलाची काच पुसावयास जाई. त्या काळी पुनर्वापर हा शब्द आमच्या कानांवरून गेलेला नव्हता. नड एवढाच शब्द आम्ही ओळखत होतो. तथापि त्या कामाने हातांस जे वळण लावले, ते पुढे पुस्तकांनी लावलेल्या वळणापेक्षा अधिक टिकले, असे आज मागे वळून पाहता वाटते.

पाच भाकरी व दोन मासळ्या यांनी पाच हजारांचा समुदाय तृप्त झाल्याची कथा आपल्या शाळेतील सर्वच मुले ऐकत आली आहेत. चमत्काराकडे सर्वांचे लक्ष जाते; पण कथेचा शेवट फारसा कोणी ध्यानात घेत नाही. सर्वांची पोटे भरल्यावर, काही वाया जाऊ नये म्हणून, उरलेले तुकडे शिष्यांकडून वेचून घेण्यात आले, आणि बारा टोपल्या भरल्या. ज्याच्यापाशी विपुलता निर्माण करण्याचे सामर्थ्य होते, त्यानेच उरलेले वेचावयास लाविले, ही गोष्ट आम्हांस फार विचार करावयास लावते. काटकसर ही केवळ नडलेल्यांनीच पाळावयाची गोष्ट असती, तर तेथे तिची गरजच नव्हती.

कोणी म्हणेल, की हे सर्व आपल्या रक्तातच आहे, तर मग शाळेत शिकवावयाचे काय उरले? उत्तर असे, की वस्तूंचा स्वभाव पालटला आहे. पत्रावळ जेवणानंतर परड्यात टाकली तर शेळी खाई, नाहीतर माती खाई. परंतु आज मुलाच्या हातातील गोळीचा किंवा वेफरचा चकचकीत कागद माती खात नाही. तो आज टाकला, तर ते मूल म्हातारे होईल तेव्हाही बहुधा मातीत असेल. २०१८ च्या मार्च महिन्यात महाराष्ट्र शासनाने प्लास्टिकच्या पिशव्या आणि एकदा वापरून टाकावयाच्या ताटल्या-पेले यांवर बंदी घातली. १ जुलै २०२२ पासून एकदाच वापरावयाच्या अनेक वस्तूंस सबंध देशात मनाई झाली. कायद्याने दुकानदाराचा हात काही अंशी धरला जातो. सहा वर्षांच्या मुलाचा हात कायद्याने धरला जात नाही. त्यास वळणच लावावे लागते.

शिवाय आपले नेरळ हे गाव या शिक्षणास फार सोयीचे आहे. येथून माथेरानची लहान गाडी वर चढते. सर आदमजी पीरभाई यांच्या पैशाने व त्यांचे चिरंजीव अब्दुल हुसेन यांच्या खटाटोपाने १९०४ साली तिचे काम सुरू झाले आणि १९०७ साली गाडी धावू लागली. माथेरानच्या वस्तीत खाजगी मोटारींस मज्जाव आहे. त्या दस्तुरी नाक्यापाशीच थांबतात. तेथून पुढे जे सामान जावयाचे, ते घोड्याच्या पाठीवरून, माणसाच्या डोक्यावरून किंवा हातगाडीने. हे मुलांस सांगून आम्ही एक साधा प्रश्न विचारला : “वर गेलेली पाण्याची बाटली प्रवाशाने रिकामी केली. आता तिला खाली कोण आणणार?” वर्गात प्रथम शांतता पसरली. मग एक मुलगी म्हणाली, “माकड.” सारे हसले, परंतु त्या हसण्यातच मुलांच्या ध्यानात आले, की वर नेणारे पुष्कळ आहेत आणि खाली आणणाऱ्याचा पत्ता नाही. डोंगरावर पडलेली वस्तू पावसाच्या लोंढ्याबरोबर ओढ्यास मिळते, ओढा उल्हास नदीस मिळतो, आणि नदी वसईच्या खाडीतून समुद्रास. भूगोलाचा हा धडा नकाशावर बोट फिरवून जितका कळतो, त्याहून श्रावणात ओढ्याकाठच्या झुडपांना लटकलेल्या पिशव्या पाहून अधिक कळतो.

हाताने शिकवावे, आणि जवळ असेल त्यानेच शिकवावे, हा विचार काही आमचा नव्हे. ज्या १९०७ साली आपली लहान गाडी सुरू झाली, त्याच वर्षी इटली देशात रोम शहरी मारिया माँटेसरी बाईंनी गरीब वस्तीतील मुलांसाठी आपले पहिले बालगृह उघडले. मुलाची बुद्धी त्याच्या हातांतून जागी होते, हे तत्त्व त्यांनी जगास पटवून दिले. परंतु त्यांची साधने सुबक व महाग. खेड्यातील शाळेस ती कोठून परवडणार? ही अडचण आपल्या महाराष्ट्रात ताराबाई मोडक व अनुताई वाघ या दोघींनी सोडविली. १९४५ साली डहाणूकडील बोर्डी या गावी त्यांनी ग्रामीण बालशिक्षणाचे कार्य आरंभिले व पुढे ते जवळच्या कोसबाडच्या टेकडीवर नेले. तेथे विकतच्या मण्यांच्या जागी शिंपले, बिया व खडे आले. रंगीत पाट्यांच्या जागी पाने आणि फुले आली. आदिवासी पाड्यावरील मुले शाळेत येत ना, तेव्हा शाळाच त्यांच्या अंगणात गेली, आणि गुरे राखणाऱ्या मुलांसाठी तर ती कुरणात गेली. आज गावोगाव परिचित असलेल्या अंगणवाडीमागे या दोन बाईंची तपश्चर्या आहे. सरकारने ताराबाईंस १९६२ साली पद्मभूषण देऊन त्यांचा गौरव केला.

दुसरे नाव श्री. अरविंद गुप्ता यांचे. कानपूरच्या आय.आय.टी.तून अभियंता होऊन ते पुण्यास मोटारींच्या कारखान्यात लागले. होशंगाबाद जिल्ह्यात खेड्यांतील मुलांस प्रयोगांतून विज्ञान शिकविण्याचा उपक्रम १९७२ पासून चालू होता. तो पाहावयास गुप्ता १९७८ साली तिकडे गेले. तेथील आठवडेबाजारात मिळणारी सायकलच्या व्हॉल्व्हची बारीक रबरी नळी आणि आगपेटीच्या काड्या यांतून त्यांनी मुलांसाठी एक नवेच बांधकामाचे खेळणे निर्माण केले. पुढे पुण्याच्या आयुका संस्थेतील मुलांच्या विज्ञानकेंद्रात त्यांनी अनेक वर्षे काम केले. आणि फुटक्या-तुटक्या वस्तूंतून होणाऱ्या शेकडो खेळण्यांच्या कृती कोणासही विनामूल्य मिळतील अशा करून ठेविल्या. २०१८ साली त्यांस पद्मश्री मिळाली. ज्या मुलास खेळणे मोडून आत काय आहे ते पाहण्याची भीती वाटत नाही, ते मूल शिकते. आणि फुकटचे खेळणे मोडावयास कोण भिणार?

आता आमच्या तासाला मुले प्रत्यक्ष काय करितात, ते सांगतो, म्हणजे पालकांस घरीही ते करविता येईल.

पहिले काम दुधाच्या पिशवीचे. पिशवी कापताना आपण तिचा कोपरा तोडून टाकितो. तो नखाएवढा तुकडा वेचणाऱ्याच्या हाती लागत नाही, गटारात जातो. पिशवी मात्र भंगारात विकली जाऊ शकते. म्हणून कात्री अशी चालवावयाची, की दूध ओतता येईल एवढी चीर पडावी, पण कोपरा पिशवीलाच लोंबत राहावा. मुलांनी ही युक्ती घरी नेली. आता पुष्कळ घरांत सकाळी दूध तापविण्यापूर्वी मूल आईच्या हातातील कात्रीवर नजर ठेवून उभे असते, असे पालकच सांगतात.

दुसरे काम खड्ड्याचे. जून महिन्यात शाळेच्या मागील आवारात आम्ही हातभर खोल खड्डा खणतो. त्यात केळ्याची साल, वहीचा कागद, सुती चिंधी आणि बिस्किटाच्या पुड्याचा कागद या चार वस्तू वेगवेगळ्या जागी पुरून प्रत्येकीवर खुणेची काठी रोवितो. दसऱ्यानंतर खड्डा उकरावयाचा. साल कोठे होती, हे शोधूनही सापडत नाही. कागदाचा लगदा होऊन तो मातीस मिळालेला असतो. चिंधी ओढताच सुटते. बिस्किटाचा कागद मात्र धुतला की त्यावरील अक्षरे जशीच्या तशी वाचता येतात! या एका दृश्यापुढे आमचे दहा तासांचे व्याख्यानही फिके पडेल. माती काय खाते व काय खात नाही, हे मुलाने स्वतः मातीलाच विचारलेले असते.

तिसरे काम कागद करण्याचे. महाराष्ट्रास हा उद्योग परका नाही. जुन्नरचा हातकागद एके काळी सर्वत्र प्रसिद्ध होता. दौलताबादेजवळील कागजीपुऱ्याने तर गावाचे नावच त्यावरून घेतले. आणि १९४० साली पुण्यास हातकागदाची स्वतंत्र संस्था निघाली. आमची कृती बालबुद्धीची आहे. रद्दी कागदाचे तुकडे रात्रभर पाण्यात भिजत घालावयाचे. सकाळी ते खलबत्त्यात कुटून त्यांची पातळ पेज करावयाची. ती घमेल्यात पाण्यात कालवून, खिडकीच्या जुन्या डासजाळीची लाकडी चौकट तीत बुडवून आडवी उचलावयाची. पाणी गळून जाते आणि जाळीवर साय धरल्यासारखा थर राहतो. तो जुन्या धोतराच्या तुकड्यावर उलटा करून, वरून दुसरा तुकडा घालून, विटांखाली दाबावा व सावलीत वाळवावा. कागद हे लाकडाच्या किंवा चिंध्यांच्या सूक्ष्म तंतूंचे जाळे आहे; पाणी निघून जाताना तंतू एकमेकांस धरितात, म्हणून चिकीवाचूनही तो एकजीव होतो. परंतु दर खेपेस तंतू आखूड होत जातात, आणि पाच-सात खेपांनंतर त्यांस पकड राहत नाही. काच व ॲल्युमिनियम यांचे तसे नाही. ती वितळवून पुनःपुन्हा घडविता येतात. खनिजापासून नवे ॲल्युमिनियम काढावयास जितकी शक्ती लागते, तिच्या सुमारे विसाव्या हिश्श्यातच जुन्याचे नवे होते. तेव्हा सर्व वस्तूंचे दैव सारखे नाही, हेही मुलांस कळते; आणि ज्या कागदाचे आयुष्य मोजके आहे, त्याच्या दोन्ही बाजू लिहून भरावयाच्या, हा निष्कर्ष ती आपण होऊन काढितात.

चौथे काम दुसरीच्या मुलांसाठी. विझलेल्या काड्या आणि व्हॉल्व्हच्या नळीचे बोटाच्या पेराएवढे तुकडे घेऊन चार काड्यांचा चौकोन करावयाचा. त्यास जरा दाबले की तो कलतो. तीन काड्यांचा त्रिकोण कितीही दाबला तरी कलत नाही. चौकोनात एक तिरपी काडी बसविली की तोही ताठ होतो. इतके झाल्यावर मुले रेल्वेच्या लोखंडी पुलांत आणि पत्र्याच्या छपरांखाली त्रिकोण शोधू लागतात, व सापडला की शनिवारपर्यंत त्यांस धीर धरवत नाही.

या कामांत आम्ही काही बंधने कटाक्षाने पाळितो. फुटकी काच, पाती, औषधांची वेष्टने व विजेरीचे सेल मुलांच्या हाती द्यावयाचे नाहीत. प्रत्येक वस्तू घरी धुऊन, वाळवूनच आणावयाची. प्लास्टिक कधीही जाळावयाचे नाही, कारण त्याचा धूर विषारी असतो. आणखी एक बंधन असे, की टाकाऊतून टिकाऊ करण्याच्या नादात नवे काही विकत आणावयाचे नाही. हल्ली प्रदर्शनांतून एक मौज दिसते. एका जुन्या बाटलीस सजविण्यासाठी नवा रंग, नवी टिकली, नवा गोंद आणि नवी जरीची फीत आणली जाते. तीन दिवस ती कपाटात मिरवते, आणि चौथ्या दिवशी बाटली व सजावट दोन्ही उकिरड्यावर जातात. एका वस्तूच्या पाच झाल्या, एवढाच काय तो लाभ. म्हणून आमच्या तासाचा नियम असा आहे, की केलेल्या वस्तूचा उपयोग कोण करणार व उपयोग संपल्यावर ती कोठे जाणार, या दोन प्रश्नांची उत्तरे दिल्यावाचून मुलाने कामास हात घालावयाचा नाही.

आता, या तासाचा खरा अर्थ आम्हांस ज्या प्रसंगी अधिक स्पष्ट झाला, तो प्रसंग सांगणे अवश्य आहे. गेल्या पावसाळ्यात एका शनिवारसाठी “घरातील पाच टाकाऊ वस्तू घेऊन या” असे पहिलीच्या मुलांस सांगण्यात आले होते. मुले पिशव्या भरभरून आली. एकाने तर वाटेत दोन सरबताच्या बाटल्या विकत घेऊन, त्या रिकाम्या करून आणल्या होत्या, व पोट धरून बसला होता. डोंगराच्या पायथ्याच्या वाडीतून येणारा एक मुलगा मात्र रिकाम्या हाताने आला. विचारले, तेव्हा तो म्हणाला, “आमच्या घरी टाकायला काहीच नसतं, सर.” मागील बाकावरून कोणीतरी म्हणाले, “त्याची आई कचरा वेचते, आणि त्याच्याकडे नाही!” काही मुले हसली. तो मुलगा खाली पाहू लागला.

आम्ही त्या वेळी हसणाऱ्यांस रागे भरलो नाही. कारण रागावल्याने हसणे थांबते, नजर पालटत नाही. आम्ही फळ्यावर त्याचेच वाक्य लिहिले आणि वर्गास विचारले, की सबंध वर्गात ज्याच्या घरी टाकावयास काही नाही असा हा एकच मुलगा आहे. तर हातकामाच्या परीक्षेत पहिला कोण? मुले विचारात पडली. बाटल्या पिऊन आलेल्याने हळूच आपल्या बाटल्या बाकाखाली सारल्या.

पुढच्या शनिवारी आम्ही त्या मुलाच्या आईस निरोप पाठवून शाळेत बोलाविले. बाई प्रथम दारातच उभ्या राहिल्या; मुलाने काही आगळीक केली असावी, असे त्यांस वाटले. त्यांस खुर्ची दिली, मुलांनी “नमस्कार, मावशी” म्हटले, आणि मुलांनी आणलेल्या वस्तूंचा ढीग त्यांच्यापुढे ठेविला. मग त्या बाईंचे हात चालू लागले. त्यांनी एक पिशवी मुठीत चुरगळली. ती कुरकुर वाजली. दुसरी चुरगळली, ती मऊ राहिली. “वाजते तिला भाव वेगळा, मऊला वेगळा,” असे त्यांनी सांगितले. पाण्याच्या घमेल्यात त्यांनी बाटलीचा कापलेला तुकडा आणि तिचे झाकण टाकिले. तुकडा बुडाला, झाकण तरंगले. “एकाच बाटलीची, पण जात दोन. म्हणून झाकण काढून वेगळं ठेवायचं.” आम्ही रसायनशास्त्राच्या पुस्तकात त्या दोन द्रव्यांची लांबलचक नावे वाचली होती, आणि बाटलीच्या बुडाशी त्रिकोणात छापलेले आकडे मुलांस दाखविण्याची तयारी केली होती. बाईंस अक्षरओळख नाही. पण त्यांच्या बोटांस व कानांस ते शास्त्र अवगत होते. तासाच्या शेवटी एका मुलीने विचारले, “मावशी, तुम्हांला सगळ्यात त्रास कशाचा होतो?” बाई म्हणाल्या, “उष्टं आणि कागद एकत्र टाकतात त्याचा. हात कापतो तो काचेनं. पण जीव जातो तो घाणीनं.” त्या दिवसापासून आमच्या वर्गात ओले व सुके यांच्या दोन टोपल्या आहेत, आणि चुकीच्या टोपलीत वस्तू पडली, तर मुलेच एकमेकांस “मावशींचा हात” एवढे दोनच शब्द बोलून दाखवितात. २०१६ च्या सरकारी नियमांनी ओला व सुका कचरा वेगळा ठेवणे प्रत्येक घरावर बंधनकारक केले होते. नियमाने जे आमच्या मुलांस शिकविले नव्हते, ते त्या एका वाक्याने शिकविले.

अशा कष्टकरी स्त्रियांचा मान राखण्याचा मार्ग पुण्याने फार पूर्वीच दाखविला आहे. तेथे १९९३ साली डॉ. बाबा आढाव यांच्या पुढाकाराने कागद, काच, पत्रा वेचणाऱ्यांची पंचायत स्थापन झाली. पुढे २००८ साली त्यांच्यातूनच ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था उभी राहिली, आणि जे काम उकिरड्यावर वाकून करावे लागे, ते महानगरपालिकेच्या ओळखपत्रासह घरोघरी जाऊन करण्याचा मार्ग खुला झाला. काम तेच, परंतु उकिरड्यावरील अनोळखी बाई आणि दारी येणारी ओळखीची बाई यांत केवढा फरक आहे!

आता पालकांच्या प्रश्नाकडे वळू. आपले मूल कचऱ्यात राबू नये, ही इच्छा योग्यच आहे, व ती त्या वाडीवरील आईचीही आहे. तिने आपल्या मुलास शाळेत घातले, ते याचसाठी. परंतु ज्या घरातून कचरा बाहेर पडतो, तो उचलावयास कोणाचा तरी हात लागतोच. आपल्या मुलाने त्यात हात घालू नये, इतकेच शिकविले, तर दुसऱ्या कोणी तरी घालावा, हेही न बोलता शिकविले जाते. आमच्या तासाचा उद्देश असा, की आपल्या मुलाने टाकलेली वस्तू ज्याच्या हाती जाते, त्या माणसाचा विचार मुलाच्या मनात वस्तू टाकण्यापूर्वी यावा. हा विचार एकदा मनात रुजला, की टोपल्या, खड्डे, कागदाच्या चौकटी ही सारी साधने मागे पडली तरी चालतील.

दिवाळीनंतर त्या मुलाचे कुटुंब, वाडीतील इतर काही कुटुंबांप्रमाणे, कामासाठी वीटभट्टीवर गेले. वर्गातील त्याची जागा रिकामी राहिली. मुख्याध्यापकांच्या अनुज्ञेने त्याचे नाव पटावरून कमी केले नाही. मुलांनी आपण तयार केलेल्या कागदाची एक वही शिवली व तीवर त्याचे नाव घातले. रोजचा अभ्यास पाळीपाळीने तीत उतरविला. कागद ओबडधोबड, शाई पसरे, अक्षरे डोंगरासारखी. पण वही पूर्ण झाली. जून महिन्यात, पहिल्या पावसाबरोबर, तो परत आला. आता तो दुसरीत आहे, आणि तिरपी काडी बसविलेला चौकोन वर्गात सर्वांत आधी त्याचाच ताठ झाला.

विद्यार्थिमित्रहो, तुम्हांस आमचे एवढेच सांगणे, की येत्या सुट्टीत सबंध एक दिवस आपल्या घरातून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक वस्तूचे नाव वहीत लिहा, व तीपुढे ती कोठे गेली हेही लिहा. जेथे उत्तर येत नाही ती ओळ कोरी ठेवा. पालकहो, त्या कोऱ्या ओळी मुलांबरोबर बसून आपण भराव्यात, ही विनंती. शाळा उघडल्यावरच्या पहिल्या शनिवारी या वह्या वर्गात वाचावयाच्या आहेत. त्या तासाला आपण अवश्य यावे. येताना रिकाम्या हाताने आलात, तरी त्यात संकोच नसावा.